बाकी ओढायची की सोडायची

तासगाव,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. चिमू हिला मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री गच्चीवर दूध आटवलं. माणसं मोजून तीन, त्यांतली दोन शेजारची, आणि चंद्र सगळा वेळ ढगात. गेल्या वर्षी तू केशर सढळ हातानं घातलंस म्हणून मी तुला बोलले होते. काल माझाच हात सुटला, आणि मग तुझी फार आठवण आली. पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. ज्यांनी छाटण्या लवकर धरल्या त्यांच्या बागांत डावणीची धास्ती आहे; दिवसभर फवारणीच्या ट्रॅक्टरांचा आवाज. मार्केट यार्डात मात्र शुकशुकाट, कारण बेदाण्याचे सौदे आता दिवाळीपर्यंत बंद. सगळे आपापल्या येण्या-देण्याच्या वह्या घेऊन बसलेत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो गं मावशी, हो गं" म्हणत असतेस आणि मागं मिक्सर फिरत असतो. म्हणून कागद घेतला. बसून वाच.

परवा सावळजचे अण्णा आले होते, तुझं पार्सल घेऊन. चहा झाला, बागेचं बोलणं झालं, नातवाच्या शाळेचं झालं. उठता उठता म्हणाले, "ताईंनी या खेपेला दर पाडला जरा. असू दे, अडचण असंल त्यांची." तक्रार नव्हती ती. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं. ४० बॉक्स, १५ किलोचे. दर ऑगस्टमध्येच फोनवर ठरलेला. अण्णांनी कोल्ड स्टोरेजमध्ये तुझ्या नावानं माल बाजूला काढून ठेवलेला, दुसरं गिऱ्हाईक आलं त्याला नाही म्हणून सांगितलेलं. आणि माल उचलायच्या दिवशी तू म्हणालीस, बाजार उतरलाय, किलोला दहा रुपये कमी करा, नाहीतर राहू दे. सौदे बंद व्हायला आलेले, छाटणीची मजुरी डोक्यावर. अण्णांनी दिला माल.

सहाशे किलोला सहा हजार रुपये वाचले तुझे. अगं, चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. म्हणजे चोवीसशे किलो द्राक्षं त्या माणसानं तोडली, बुडवली, रॅकवर पसरली, दिवसरात्र आभाळाकडे बघत वाळवली. त्यावर तू एका फोनमध्ये सहा हजार कापलेस.

रागावले नाही मी. घाबरले. कारण मी तुला लहानपणापासून ओळखते. उन्हाळ्यात इथं यायचीस तेव्हा फ्रॉकचे दोन्ही खिसे बेदाण्यानं भरायचीस आणि शेडवर निवडणाऱ्या बायकांच्या पोरांना वाटून यायचीस. काका हसायचे, "ही पोरगी आपली अडत बुडवणार." त्यांना कौतुकच होतं. तीच पोरगी ठरलेल्या दरावरून मागं फिरली, हे मला पचेना. मग रात्री पडल्या पडल्या हिशेब जुळवला तेव्हा उलगडलं, की हे सहा हजार अण्णांकडून घेतलेच नाहीस तू. ते त्या कॅफेवाल्यांचे होते, आणि तुझ्या त्या मैत्रिणीचे.

कॅफेवाल्यांकडे चार महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार अडकलेत, आणि तरी दर सोमवारी माल जातोच आहे, कारण "सुरुवातीला त्यांनीच संधी दिली, मॅनेजर फार चांगला आहे." मैत्रिणीला तू लाडवांची कृती दिलीस, पाकीट छापणाऱ्याचा नंबर दिलास, स्वतः तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून पहिला घाणा काढून दिलास. तिनं सहा महिन्यांत तुझीच दोन दुकानं कमी दरात उचलली. तू मला त्या दिवशी म्हणालीस, "मावशी, आता मी कुणाचंही भलं करणार नाही. धंदा म्हणजे धंदा." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे मी समजू शकते. पण तू ताक फुंकलं नाहीस चिमू, ताकवालीच्या अंगावर ओतलंस.

तुला काकांची लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीची गोष्ट सांगते. तू पाहिलेलं आहेस ते, पण लहान होतीस.

आपल्या इथली रीत तुला माहीत आहे. दिवाळीआधी सौदे थांबवतात आणि ज्यानं त्यानं आपलं देणं शून्यावर आणायचं. झिरो पेमेंट म्हणतात त्याला. जो आणणार नाही, त्याला दिवाळीनंतरच्या सौद्यात उभं राहायची पंचाईत. अडत्याचा धंदा म्हणजे मधल्या माणसाचा धंदा. शेतकऱ्याला पैसे वेळेवर द्यायचे आणि खरेदीदाराकडून ते सावकाश यायचे, मधला सगळा ताण आपल्या पोटात. वर्षभर हा ताण सोसायचा तर वर्षातून एकदा तरी पाटी कोरी व्हायला हवी, हे इथल्या जुन्या माणसांनी ओळखलं. कुणी संत नव्हते ते. एकमेकांवर भरवसा ठेवल्याशिवाय माल हलत नाही आणि नुसत्या भरवशावर धंदा टिकत नाही, दोन्ही त्यांनी अनुभवलं होतं.

तरी काही बाक्या राहायच्याच. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री जेवणं झाली की काका जुनी वही घेऊन बसायचे, शेजारी नवी लाल वही, कोरी. मी समोर, कारण बेरजा माझ्याकडे. एकेक नाव काढायचं. "ही ओढायची की सोडायची?" ओढायची म्हणजे नव्या वहीत पुढं घ्यायची, त्या माणसाला पाडव्यानंतर जाऊन भेटायचं, मागायचं, लाजायचं नाही. सोडायची म्हणजे जुन्या वहीतच तिच्यावर आडवी रेघ. आणि रेघ मारली की पुन्हा त्या माणसाचं नाव घेऊन कुरकुर करायची नाही, हा नियम माझ्यासाठी होता, कारण कुरकुर मीच करायची. एकदा मी म्हटलं, "ही नको ओढायला, नको सोडायला, राहू दे अशीच." तर म्हणाले, "अशीच राहायला वहीत जागा नाही. मग ती मनात राहणार. मनातली बाकी फार वाईट, तिला व्याज लागतं आणि ते दुसराच भरतो."

अण्णांनी भरलं बघ.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे की या दिवाळीला तूही बस. वही नसली तर तो तुझा लॅपटॉप घेऊन बस. मैत्रिणीचं नाव काढ. ती बाकी तुला ओढायची आहे का? म्हणजे तिला भेटून, समोर बसून, "तू माझी दुकानं घेतलीस, मला लागलं" असं म्हणायचं आहे का? असेल तर जा आणि म्हण. नसेल तर रेघ मार. पण तिच्या नावानं सावळजला फोन करू नकोस.

आता माझी एक फजिती सांगते, तुझ्या आईलाही माहीत नाही. शेडवर बायका पाठवणारी आमच्या गल्लीतली एक मुकादमीण होती. बेदाणा निवडायच्या हंगामात बायका मिळणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. तिचा हिशेब कच्चा, बायकांची हजेरी, उचल, सगळा गोंधळ. मी तिला दोन हंगाम वही मांडायला शिकवली, रोज संध्याकाळी तास-तास बसून. एक पैसा घेतला नाही. आणि मनात धरून बसले की आता मार्चमध्ये ही बायका आधी आपल्या शेडवर पाठवणार. तिनं पाठवल्या नाहीत. जो आधी सांगून गेला त्याच्याकडे पाठवल्या. मी दोन वर्षं तिच्याशी धड बोलले नाही. हळदीकुंकवाला गेले नाही. शेवटी एकदा भाजी बाजारात समोरासमोर आलो आणि मी फाडकन बोलून टाकलं. ती बघतच राहिली. म्हणाली, "वहिनी, सांगितलं असतंत तर पाठवल्या असत्या की!"

मी घरी येऊन काकांना सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला.

तेव्हा कळलं, मी शिकवणी दिली नव्हती, उधार दिली होती. फक्त उधारीची तारीख आणि रक्कम तिला सांगितली नव्हती. तूही मैत्रिणीला कृती दिलीस तेव्हा "माझ्या ठरलेल्या दुकानांत जाऊ नकोस हं" एवढं एक वाक्य बोलली होतीस का? मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "हे काय सांगायला लागतं का?" लागतं बाई. फार लागतं. सांगितल्यावरही ती गेली असती कदाचित. पण मग तुला तिचं माप कळलं असतं आणि तुझं दुखणं निम्मं झालं असतं. आणि दुसरं असं, की लाडवाची कृती दिल्यानं तुझी कृती कमी होत नाही. ओळखीचं तसंच, माहितीचं तसंच. ती दे, मोकळ्या मनानं दे. गिऱ्हाईक, पैसा, आणि दुसऱ्याच्या कागदावरची सही या तीन गोष्टी दिल्या की आपल्याकडच्या कमी होतात. तिथं हात आखडलास तर तुला कुणी कंजूष म्हणणार नाही, आणि म्हटलं तर म्हणू दे.

सहीवरून आठवलं. तुझी आई म्हणत होती, तिकडच्या एका ओळखीच्याला कर्जाला जामीन हवाय आणि तू "बघते" म्हणालीस. बघू नकोस. नाही म्हण. आम्ही हे भोगलंय. काकांच्या एका जिवलगानं पतसंस्थेचं कर्ज काढलं, काका जामीन राहिले. त्यांना वाटलं, आपण नुसता साक्षीदार. १८७२ पासून आपल्या करार कायद्यात लिहिलेलं आहे की कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला आपण होऊन म्हणता येत नाही. हे आम्हाला नोटीस आल्यावर कळलं. रस्त्याकडेची दहा गुंठे बाग गेली. मित्रही गेला, कारण तो नंतर आम्हाला बघून रस्ता बदलायचा. मला आजही वाटतं, त्याला काकांनी जमतील तेवढे पैसे हातावर ठेवले असते, परत नको म्हणून, तर बागही राहिली असती आणि तोही. भीड ही भिकेची बहीण, हे आजी उगाच म्हणत नव्हती.

तर आता त्या कॅफेकडे येऊ. तिथं तू अगदी उलटं वागते आहेस. जिथं मागायला हवं तिथं गप्प, आणि जिथं द्यायला हवं तिथं घासाघीस. सोमवारचा माल थांबव. भांडण नको. मॅनेजरला फोन कर, तो चांगला आहे म्हणतेस ना, मग चांगल्या माणसाला सांगायला सोपं. "मागचं निम्मं आलं की पुढचा माल निघेल." आवाज चढवायचा नाही आणि कारणंही द्यायची नाहीत. तू तुझ्या घरच्या अडचणी सांगत बसतेस. पैसे तुझे आहेत, अडचण असो वा नसो.

आणि तुझ्याजवळ ते उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आहे ना, जे तू मोठ्या हौसेनं फ्रेम करून लावलंस? ते नुसतं भिंतीवर लावायचं नसतं गं. आपल्या सीएंकडे गेले होते परवा, तेव्हा तुझ्यासाठी मुद्दाम विचारून आले. २००६ च्या कायद्यानं, तुझ्यासारख्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ताणली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढं गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पात एक तरतूद आली. वेळेत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. म्हणजे मार्च जवळ आला की त्यांच्याच हिशेबनीसाला तुझी आठवण येणार. तू माल तयार करतेस म्हणून हे तुला मिळतं. आमच्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्रीवाल्यांना हे कवच नाही, तेव्हा मला तुझा थोडा हेवाही वाटला. बिलावर उद्यमचा नंबर छाप, मुदत छाप. कॅफेवाल्यांना कायद्याची धमकी देऊ नकोस. बिलावर छापलेलं ज्याचं तो वाचतो.

दर दिवाळीला आणि दर मार्चला सगळ्यांना एक पत्र जाऊ दे, "आमच्या वहीप्रमाणे आपल्याकडे इतकी बाकी दिसते, बरोबर असल्यास सही करून पाठवावी." सगळ्यांना एकाच दिवशी पाठवायचं, म्हणजे कुणाला टोचत नाही. येणी तीन वर्षांत मुदतबाह्य होतात, पण मुदतीच्या आत त्यानं बाकी लेखी कबूल केली की तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. काका हे पत्र सख्ख्या भावालाही पाठवायचे. तुझे मोठे काका एकदा चिडले होते त्यावरून. मग पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या गिऱ्हाइकांना तसंच पत्र पाठवलं, आमचाच मजकूर उतरवून!

तुला वाटेल मावशी आता फारच व्यवहारी झाली. अगं, नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण श्री काढतो आणि दोन बाजूंना शुभ आणि लाभ लिहितो. लाभ लिहिताना कुणी लाजतं का? तू पुण्याला शिकायला होतीस तेव्हा सांगलीहून गाडीत बसलीस की किर्लोस्करवाडी लागायची, आठवतं? १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथं जागा दिली, हात दिला. माळरान होतं ते. राजेसाहेबांचं मन मोठं होतं यात शंका नाही, पण संस्थानात कारखाना उभा राहावा हेही त्यांना हवं होतंच. म्हणून त्यांचं देणं उणं ठरत नाही. तुझा फायदा व्हावा असं तुला वाटलं म्हणजे तुझा चांगुलपणा खोटा झाला, हे खूळ तू कुठून डोक्यात घेतलंस कोण जाणे. आवळा देऊन कोहळा काढणारा वेगळा. तो आवळा देताना कोहळा लपवतो. तू कोहळा दाखव ना, सरळ सांग, "मला हे द्या, मी हे देते." समोरच्याला पटलं तर तो देईल.

किती द्यायचं, असं तू मागं विचारलं होतंस. आकडा मला सांगता येणार नाही. सौद्यात बघ, बॉक्स फोडतात, मूठभर बेदाणा हातावर घेतात, रंग बघतात, चव बघतात. ती मूठ द्यावीच लागते, त्याशिवाय कोण घेईल? पण नंतर नंतर लोकांना सवय लागली, मुठीमुठीनं घ्यायचा, बघायचा आणि खाली टाकायचा. पायाखाली बेदाण्याचा सडा. शेतकऱ्यांनी त्या उधळणीविरुद्ध आवाज उठवला आणि बरोबरच उठवला. काका स्वतः खाली बसून आपल्या मालातला सांडलेला बेदाणा गोळा करायचे आणि आल्यागेल्या हमालाच्या पोरासाठी पुडीत बांधायचे. तीच मूठ, पण जमिनीवर गेली तर कुणाचीच नाही. तुझ्या त्या दुकानदारांना तू दर महिन्याला "सॅम्पल, सॅम्पल" म्हणून जी पाकिटं पाठवतेस, त्यातली किती चाखायला लागतात आणि किती पायाखाली जातात, एकदा मोजून बघ.

नवीन माणसाशी काका पहिल्या खेपेला दहा बॉक्सचा व्यवहार करायचे. पैसे आले की वीस. मग पन्नास. कितीही गोड बोलो, कुणाचीही चिठ्ठी आणो. आणि उधारी देताना मला विचारायचे, "हे बुडालं तर आपली चूल पेटेल ना?" मी हो म्हटलं तरच द्यायचे. मला त्या वेळी ते नाटक वाटायचं; बायकोला मान दिल्यासारखं करायचं आणि आपल्याला हवं ते करायचं. पण दोनदा मी नाही म्हटलं आणि दोन्ही वेळा त्यांनी दिलं नाही. एकदा माझं बरोबर निघालं, एकदा चुकलं. चुकलं ते गिऱ्हाईक पुढं मोठं झालं आणि दुसऱ्याकडे गेलं. काकांनी कधी बोलून दाखवलं नाही.

उत्तरेकडचा एक व्यापारी होता, त्याचा एका वर्षी सगळा माल कुठं अडकला आणि तो कोलमडला. फोन केला त्यानं, रडला. काका म्हणाले, "निम्मे दे जमतील तसे, निम्मे पुढच्या दिवाळीला. व्याज नको. मात्र तारीख तू सांग." त्यानं सांगितली, पाळली, आणि पुढं तो बाजारात आला की पहिला आमच्या दारात. त्याच साली दुसऱ्या एकाला अशीच सवलत दिली, तो नंबर बदलून गायब झाला. मला विचारशील की कोण कसा निघणार हे काकांना आधी कळायचं का, तर नाही गं. अजिबात कळायचं नाही. लोक म्हणायचे त्यांना माणसाची पारख आहे, आणि मी आतून हसायचे. त्यांना एवढंच माहीत असायचं की कितीपर्यंत बुडालं तर आपण झोपू शकतो. दुसऱ्याच्या नावावर त्या दिवाळीला त्यांनी रेघ मारली, आणि तिसरा कुणी सवलत मागायला आला तेव्हा दुसऱ्याचा राग त्याच्यावर काढला नाही. हे शेवटचं मला नेहमी अवघड वाटत आलंय. मला जमलं नाही. तुला जमावं अशी इच्छा आहे.

अण्णांना फोन कर. माफी-बिफी मागत बसू नकोस, ते संकोचतील आणि विषय बागेवर नेतील. सहा हजार खात्यावर पाठव आणि मग फोन करून सांग की दर ऑगस्टमध्ये ठरला होता, तोच आहे. पुढच्या फेब्रुवारीत नवा माल निघेल तेव्हा भाव पडले तर जरूर मागून घे कमी, घासाघीस कर, ती तर धंद्याची गंमत आहे. पण ठरायच्या आधी. आणि जमलं तर पुढच्या वर्षी त्यांना थोडी उचल आधी दे, लिहून, तारीख घालून. त्यांना छाटणीला पैसे होतील आणि तुला निवडक माल मिळेल. यात दोघांचंही भलं आहे आणि कुणी कुणावर उपकार करत नाही.

बाकी सगळं ठीक. माझा गुडघा बरा आहे, जिना एकदाच चढते. रथोत्सवाला तू आली नाहीस, पण दोराला मी तुझ्या वाटणीचा हात लावून आले. गर्दीत कुणीतरी ढकललं आणि गुलालात सगळी साडी लाल. भाऊबीजेला येणार असलीस तर तिकीट आधी काढ, नाहीतर मागच्यासारखी बसनं रात्र काढत येशील. येताना ती कॉफीची पूड आण, चिकोरी कमी असलेली. पैसे मी देईन. "राहू दे गं मावशी" म्हणू नकोस. लिहून ठेवीन वहीत!

कळावे.

तुझी,
मावशी

ता. क. पार्सलमध्ये वरचा बॉक्स उघडशील तेव्हा आत एक वेगळी पिशवी दिसेल, दोनेक किलोची. लांब मणी, सोनाकाचा, हिरवट. तो तुझ्या ऑर्डरमधला नव्हे. अण्णांनी मुलांसाठी घातलाय, आणि बिलात धरायचा नाही असं मला तीनदा सांगून गेले. फ्रीजमध्ये ठेव, बाहेर राहिला की काळा पडतो.